मालिंत्झिनच्या वाटेने : ताबास्को ते कोयोआकान

स्पॅनिश लोकांनी मेक्सिको जिंकला ही गोष्ट आपल्याकडे शाळेत दोन ओळींत संपते. स्पेनचा सरदार कोर्तेस आला, तिथला सम्राट मोक्तेसुमा हरला. पण त्या दोघांना एकमेकांचं बोलणं कळलं कसं? ते कळलं एका मुलीमुळे. १५१९ साली ती फार तर अठरा-एकोणीस वर्षांची असेल. स्पॅनिशांनी तिचं नाव मारिना ठेवलं. तिथल्या नाहुआत्ल भाषेत 'र' नाही, म्हणून मारिनाची मालिना झाली, त्याला आदराचा 'त्झिन' लागून मालिंत्झिन झाली आणि ते ऐकून स्पॅनिश लोक मालिन्चे म्हणू लागले. जन्माच्या वेळी आईबापांनी काय नाव ठेवलं होतं, ते कुठेही लिहिलेलं नाही.

मी ह्यूस्टनच्या एका रुग्णालयात दुभाषाचं काम करते. मराठी, हिंदी, गुजरातीतून इंग्रजीत आणि उलट. मेक्सिकोत तिच्याविषयी बोलणं निघालं की वाद एकाच गोष्टीवर होतो : ती देशद्रोही होती की आजच्या मिश्रवंशीय मेक्सिकोची आई होती. या वादात तिचं काम बाजूलाच राहतं. प्रत्येक ठिकाणी उभं राहून मला एवढंच पाहायचं होतं की इथे तिला काय बोलावं लागलं, कोणासमोर आणि कोणत्या भाषेत. नोव्हेंबरात वहिनी साताऱ्याहून आमच्याकडे आल्या होत्या. आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना नकाशा दाखवला, तर म्हणाल्या, "चल, मी येते. माझे गुडघे चालतील तिथपर्यंत."

गुरुवार : वियाएर्मोसा, फ्रोंतेरा

ताबास्कोची राजधानी वियाएर्मोसा. नोव्हेंबर असूनही विमानतळाबाहेर पडताच चष्म्यावर वाफ धरली. बाजारात आधी पोसोल प्यायलो. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, धुतात, कोकोबरोबर दळतात आणि त्या पिठाचा गोळा थंड पाण्यात कालवतात. बाई हाताने कालवत होती, बोटांमधून पीठ सुटत होतं आणि पाणी हळूहळू मातकट तांबूस होत होतं. झाडाच्या वाळक्या फळाची वाटी असते, तिला हीकारा म्हणतात, त्यात ओतून दिलं. गोड नसतं. तळाशी कोंड्यासारखा गाळ बसतो, म्हणून वाटी गोल गोल हलवत प्यायची. हा चोंताल माया लोकांचा प्रदेश, आणि हे पेय स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीचं. मालिंत्झिन इथे गुलाम होती, तेव्हा मका दळणं हे तिच्या रोजच्या कामातलंच असणार.

दुपारी बसने उत्तरेला फ्रोंतेराला गेलो. ग्रिहाल्वा नदी इथून पुढे समुद्राला मिळते. पात्र प्रचंड रुंद, पाणी गढूळ, वर जलपर्णीचे पुंजके समुद्राकडे वाहत चाललेले. इथेच मुखाजवळ पोतोनचान हे चोंताल लोकांचं मोठं व्यापारी गाव होतं. आज काठावर त्याची खूण दिसत नाही. मार्च १५१९ मध्ये कोर्तेस सुमारे पाचशे माणसं आणि सोळा घोडे घेऊन इथे उतरला. जवळच सेंत्लाच्या मैदानात लढाई झाली. घोडा हा प्राणीच तिथल्या लोकांनी कधी पाहिला नव्हता. ते हरले आणि तहाची भेट घेऊन आले : सोन्याचे दागिने, सुती कापड आणि वीस बायका.

त्या विसांत ती होती. कोर्तेसबरोबरचा शिपाई बेर्नाल दियास याने म्हातारपणी आठवणी लिहिल्या, त्यात तो तिचं लहानपण सांगतो. पायनाला नावाच्या गावच्या मुखियाची ती मुलगी. बाप गेला, आईने दुसरं लग्न केलं, मुलगा झाला. वारसा मुलाला मिळावा म्हणून हिला रात्रीच्या अंधारात शिकालांगोच्या माणसांच्या हवाली केलं आणि गावात सांगितलं की मुलगी मेली. शिकालांगोवाल्यांनी पुढे ताबास्कोच्या लोकांना दिली. कथेचा तपशील बेर्नालने किती रंगवला असेल ते असो, ती नाहुआत्ल बोलणाऱ्यांत जन्मली आणि माया लोकांत गुलाम म्हणून वाढली, हे नक्की. तिच्या दोन भाषांपैकी दुसरी तिला गुलामीत शिकावी लागली.

वीस बायकांना बाप्तिस्मा देण्याआधी एका पाद्र्याने त्यांना ख्रिस्ती धर्म समजावला. ते त्यांच्यापर्यंत पोचवलं हेरोनिमो दे आगिलार याने. १५११ साली त्याचं जहाज फुटलं, तो युकातानच्या माया लोकांत वर्षानुवर्षं राहिला आणि नुकताच कोसुमेल बेटाजवळ कोर्तेसला येऊन मिळाला होता. त्याची माया बोली युकातानची, तिची चोंतालांची. तरी दोघांचं जमलं. प्रवचन संपलं आणि बायका सरदारांत वाटल्या गेल्या. मारिना आलोन्सो एर्नांदेस पोर्तोकारेरोच्या वाट्याला आली.

शुक्रवार : कोआत्साकोआल्कोस

दिवसाचा मोठा भाग बसमध्येच गेला. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, गुरांची कुरणं, मग पेट्रोकेमिकल कारखान्यांच्या चिमण्या. याच पट्ट्यात ती जन्मली. या भागातली एकाहून अधिक गावं तिला आपली लेक म्हणतात. आकायुकानजवळच्या ओलुता गावात आम्ही चहापुरतं थांबलो. पुढे तिला मिळालेल्या जहागिरीत ओलुताचं नाव आहे.

इथली एकच गोष्ट मला महत्त्वाची वाटते. १५२४ साली कोर्तेस होंडुरासकडे निघाला, तेव्हा वाटेत इथे त्याने मुखियांना बोलावलं. त्यांत तिची आई आणि सावत्र भाऊ होते. बेर्नाल लिहितो की ते भीतीने रडू लागले, तिने त्यांना धीर दिला, माफ केलं आणि भेटवस्तू देऊन परत पाठवलं. तो स्वतः तिथे असल्याचं सांगतो. वहिनी म्हणाल्या, "माफ केलं हे त्याने लिहिलं. तिने आईला काय विचारलं ते नाही लिहिलं." आई आणि लेक नाहुआत्लमध्ये बोलल्या असणार, आणि त्या दिवशी तिथल्या स्पॅनिशांना ते समजावून सांगणारं तिच्याखेरीज दुसरं कोण होतं? तिने जेवढं सांगितलं तेवढंच आपल्यापर्यंत आलं. निदान एकदा तरी तिचं बोलणं तिच्याजवळ राहिलं, याचं मला बरं वाटलं.

शनिवार : वेराक्रूझ

वेराक्रूझला उत्तरेचा वारा सुटला होता. त्याला इथे 'नोर्ते' म्हणतात. धक्क्यावर उभं राहवत नव्हतं, वाळूचे कण गालावर टोचत होते. हाच वारा टाळायला १५१९ च्या गुड फ्रायडेच्या सुमारास कोर्तेसने सान हुआन दे उलुआ या बेटाच्या आडोशाला जहाजं लावली.

बेटावर आज किल्ला आहे, बांधकाम १५३५ नंतरचं. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या. जवळ जाऊन पाहिलं की दगडात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते. ते मूळचं जिवंत पोवळं. हाताला खरखरीत लागतं आणि खाऱ्या हवेने ओलसर राहतं. वहिनी पायरीवर बसल्या आणि मी समोरच्या किनाऱ्याकडे पाहत राहिले, कारण तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण त्या वाळूत घडला.

मोक्तेसुमाचे अधिकारी भेटायला आले. ते नाहुआत्ल बोलत होते. आगिलार पुढे झाला, पण त्याला फक्त माया येत होती. त्याला एक शब्द कळेना. कोर्तेसची सगळी मोहीम तिथे मुकी झाली. तेव्हा वाटून दिलेल्या बायकांतली एक त्या माणसांशी सहज बोलताना दिसली. कोर्तेसने तिला आगिलारबरोबर बाजूला घेतलं आणि स्वातंत्र्याहूनही जास्त देईन असं वचन दिलं, असं एक जुना स्पॅनिश इतिहासकार लिहितो. त्यानंतर अशी साखळी सुरू झाली : मोक्तेसुमाचा दूत नाहुआत्लमध्ये बोलणार, ती ते मायात आगिलारला सांगणार, आगिलार स्पॅनिशमध्ये कोर्तेसला. उत्तर त्याच वाटेने परत.

साखळीने दुभाषेपण करणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. कधी एखादी म्हातारी बाई फक्त गावाकडची बोली बोलते, मुलगा ती मला मराठीत सांगतो, मी डॉक्टरांना इंग्रजीत. दहा मिनिटांत डोकं शिणतं. प्रत्येक वाक्य धरून ठेवायचं, त्यातलं काही गळू द्यायचं नाही, आणि मधला माणूस काय गाळतोय यावरही लक्ष ठेवायचं. माझ्या खोलीत चूक झाली तर पुन्हा विचारता येतं. तिच्यासमोर दोन्हीकडे हत्यारबंद माणसं होती आणि ती स्वतः कोणाच्या तरी मालकीची होती. "मला येतं" असं सांगितलं नसतं, तर ती पोर्तोकारेरोकडे दळण-कांडण करत राहिली असती. "हे देशाशी इमान का?" असं विचारणाऱ्यांना मला त्या वाळूत उभं करावंसं वाटतं. तिला विकणारे नाहुआत्ल बोलणारे होते, देऊन टाकणारे माया होते, वाटून घेणारे स्पॅनिश होते. मेक्सिको नावाचा देश तेव्हा नव्हताच.

पोर्तोकारेरोला कोर्तेसने जुलैत राजाकडे नजराणा घेऊन स्पेनला धाडलं. ती कोर्तेसकडे राहिली. काही महिन्यांतच ती स्पॅनिश शिकली आणि साखळीतली मायाची कडी हळूहळू गळून पडली. एवढ्या कमी वेळात, कोणी न शिकवता, केवळ ऐकून.

रविवार : ला आंतिग्वा, सेंपोआला

ला आंतिग्वा हे नदीकाठचं छोटं गाव. १५२० च्या दशकात वेराक्रूझ इथे हलवलं होतं, ते सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इथेच होतं. कोर्तेसचं घर म्हणून दाखवतात त्या पडक्या वाड्याच्या भिंतींना झाडांच्या मुळांनी असं कवटाळलंय की दगड मुळांवर उभे आहेत की मुळं दगडांवर, ते सांगता येत नाही. फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती, आम्ही फार थांबलो नाही.

सेंपोआला मात्र मनापासून आवडलं. तोतोनाक लोकांची ही नगरी. देवळं नदीतल्या गोल गोट्यांनी रचलेली, चुन्याने सांधलेली, आणि भोवती दाट हिरवं गवत. ऊसाच्या शेतांच्या मधोमध एवढं मोकळं आवार. रविवार म्हणून पोरं गवतावर लोळत होती.

इथल्या लठ्ठ मुखियाने कोर्तेसला पहिल्यांदा सांगितलं की मोक्तेसुमाचे वसुलीवाले आम्हाला पिळून काढतात. इथेच कोर्तेसला उमगलं की हे साम्राज्य आतून फुटू शकतं. हे कळलं कसं तेही पाहा. तोतोनाकांची भाषा वेगळी. त्यांच्यात नाहुआत्ल जाणणारे दोघे होते. म्हणजे तोतोनाकमधून नाहुआत्ल, नाहुआत्लमधून माया, मायातून स्पॅनिश. चार भाषांतून एक गाऱ्हाणं फिरत फिरत कोर्तेसच्या कानी पोचलं आणि त्यावर एका साम्राज्याचं भवितव्य ठरलं.

वहिनींनी तिथे मला दुभाषी नारायण शेणव्याची आठवण करून दिली. १६७४ साली हेन्री ऑक्झेंडन मुंबईहून रायगडावर राज्याभिषेकाला आला, तेव्हा इंग्रजांच्या बाजूने बोलणी करायला नारायण शेणवी होता. "पण तो कंपनीच्या चाकरीत होता," वहिनी म्हणाल्या, "स्वतःच्या पायांनी गड चढला. हिला कोणी विचारलं होतं?"

सोमवार : त्लाश्काला

पहाटेची बस. शालापाच्या पुढे चढण सुरू झाली, कॉफीचे मळे संपले, पाइन लागले, आणि पेरोतेच्या पठारावर काटेरी निवडुंग आणि गार वारा. वहिनींनी स्वेटर काढला. किनाऱ्यावरच्या उकाड्यातून वर येताना स्पॅनिशांबरोबरचे क्युबाचे लोक थंडीने मेले, असं कोर्तेसच लिहितो.

त्लाश्काला हे मोक्तेसुमाच्या राज्याने वेढलेलं, पण त्याला न जुमानणारं चार गावांचं राज्य. सप्टेंबर १५१९ मध्ये ते आधी स्पॅनिशांशी जोरात लढले. छावणीत अन्न घेऊन आलेल्या पन्नास जणांना हेर ठरवून कोर्तेसने त्यांचे हात तोडायला लावले, हे त्याने स्वतःच राजाला कळवलं आहे. ती चौकशी दुभाषाशिवाय झाली नसणार. या दिवसांबद्दल बेर्नाल म्हणतो की सगळे मरणार असं रोज ऐकत असूनही तिच्या चेहऱ्यावर कधी दुबळेपणा दिसला नाही. तो कौतुक करतो. मला मात्र त्या हातांचं वाटत राहिलं. प्रश्न तिच्या तोंडून गेले, उत्तरं तिच्या कानांतून आली, आणि पुढे जे झालं ते तिने पाहिलं. माझ्या कामात वाईट निदान सांगून घरी आलं की दोन दिवस जेवण जात नाही.

मग तह झाला. राजवाड्याच्या कमानींत देसिदेरिओ एर्नांदेस शोचितिओत्सिन या इथल्याच चित्रकाराने भिंतभर इतिहास रंगवला आहे, काम १९५७ ला सुरू केलं. तहाच्या दृश्यात ती मध्यभागी. सोळाव्या शतकात त्लाश्कालाच्या लोकांनी कापडावर आपला इतिहास चितारला, त्याचं मूळ हरवलं पण प्रती आहेत. त्यातही ती दोन बाजूंच्या मधोमध उभी असते, कधी कोर्तेसपेक्षा मोठी काढलेली. त्लाश्कालाच्या लोकांना ती गद्दार वाटली नाही. ते स्वतःला जिंकणाऱ्यांच्या बाजूचे समजत होते, आणि ती त्यांच्या शब्दांना वजन देणारी बाई होती.

त्याच तहात शिकोतेंकात्ल या म्हाताऱ्या सरदाराने आपली मुलगी आणि इतर सरदारांनी आपल्या मुली स्पॅनिशांना दिल्या. शिकोतेंकात्लच्या मुलीचं नाव लुईसा ठेवलं आणि ती पेद्रो दे आल्वारादोला गेली. मुली देण्या-घेण्याची ही बोलणी कोणी पोचवली? सहा महिन्यांपूर्वी जिची अशीच वाटणी झाली होती तिने. त्या चित्रासमोर मी बराच वेळ उभी होते. एकाही चित्रकाराने तिच्या चेहऱ्यावर काही दाखवलेलं नाही.

संध्याकाळी ढग सरले आणि गावाच्या पलीकडे डोंगर दिसला. चार हजार चारशे मीटरहून उंच, निजलेला ज्वालामुखी. जुनं नाव मात्लालकुएये, निळ्या घागऱ्याच्या देवीचा. आज सगळे त्याला ला मालिन्चे म्हणतात. हॉटेलच्या आजीबाई तर मालिन्त्सी म्हणाल्या, आदराने.

मंगळवार : चोलुला

चोलुलाचा पिरॅमिड दुरून टेकडीच वाटतो. घनफळाने जगातला सर्वांत मोठा, आणि डोक्यावर पिवळं चर्च. वहिनी अर्ध्यावर थांबल्या, मी वर गेले. पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीतून धूर निघत होता.

ऑक्टोबर १५१९ मध्ये इथल्या सरदारांना मोठ्या आवारात जमवून स्पॅनिश आणि त्लाश्काल्तेक सैनिकांनी कत्तल केली. दोन तासांत तीन हजारांवर माणसं मारली असं कोर्तेस लिहितो. कारण काय, तर गावाने कट केला होता. आणि कट कळला कसा? एका म्हाताऱ्या बाईने मारिनाला गुपचूप सांगितलं, तू माझ्याकडे ये, माझ्या मुलाशी लग्न कर म्हणजे वाचशील. मारिनाने ते कोर्तेसला जाऊन सांगितलं. तिच्यावरच्या देशद्रोहाच्या आरोपातला सगळ्यात मोठा दगड हा.

मला ही कथा जशी सांगतात तशी पटत नाही. हजारो नि:शस्त्र माणसं मारल्यावर राजाला कारण द्यावं लागतं, आणि त्लाश्काला व चोलुला यांचं जुनं वैर होतंच. एका म्हातारीची कुजबूज आणि एका दुभाषी मुलीची साक्ष, एवढ्यावर सगळं उभं करणं कोर्तेसला सोयीचं होतं. आणि समजा तिने खरंच सांगितलं असेल, तर? दोन्ही सैन्यं रात्री तिच्याच अंगणात लढणार होती. परक्या गावात, परक्या म्हातारीच्या वचनावर तिने जीव टाकावा, ही अपेक्षा कोणी करावी?

आवार होतं त्या भागात आज सान गाब्रिएलचा मठ आहे. शेजारच्या राजेशाही चॅपेलला एकोणपन्नास घुमट आहेत, आत खांबांचं रान. वहिनी तिथे बसून होत्या. बोलल्या नाहीत.

बुधवार : पासो दे कोर्तेस

गाडी ठरवून दोन ज्वालामुखींच्या मधल्या खिंडीत गेलो. साडेतीन हजार मीटरच्या वर. धुकं, राखाडी वाळू, पिवळं गवत, आणि पाच मिनिटांत बोटं बधिर. स्पॅनिश सैन्य नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथूनच उतरलं आणि त्यांना खाली सरोवर आणि शहरं दिसली. आम्हाला ढग दिसले. आमेकामेकाला उतरून गरम तामाल खाल्ले आणि रात्री मेक्सिको सिटी.

गुरुवार : मेक्सिको सिटी

शहराच्या जुन्या भागात पिनो सुआरेस रस्त्यावर हेसूस रुग्णालय आहे. कोर्तेसने १५२४ मध्ये स्थापन केलं, आजही चालू आहे. शेजारच्या चर्चमध्ये त्याच्या अस्थी आहेत. ८ नोव्हेंबर १५१९ रोजी मोक्तेसुमा आणि कोर्तेस इथेच भेटले, असं दगडावर लिहिलंय. बसेस, फोनची कव्हरं विकणारे, हॉर्न. अमेरिका खंडाचा इतिहास ज्या संभाषणाने वळला, ते इथे घडलं.

मोक्तेसुमाच्या चेहऱ्याकडे पाहण्याची त्याच्या सरदारांनाही परवानगी नव्हती. कोर्तेसने मिठी मारायला हात पुढे केले तर त्याला अडवलं. आणि तिला त्याच्याकडे तोंड करून बोलायचं होतं. शिवाय राजघराण्याची नाहुआत्ल साधी नव्हती. ती आदराच्या प्रत्ययांनी, आडवळणांनी, नम्रतेने भरलेली. ती तिला समजत होती, म्हणून अभ्यासक मानतात की ती खरंच मोठ्या घरातली असावी.

नंतर मेशिका, म्हणजे मोक्तेसुमाच्या लोकांतल्या, वृद्धांच्या तोंडून फादर साआगून आणि त्यांच्या नाहुआ लेखकांनी जे लिहून घेतलं, त्यात मोक्तेसुमाचं स्वागत असं आहे : तुम्ही थकलात, आपल्या नगरीत आलात, आपल्या आसनावर बसा. आपल्याकडे पाहुण्याला "हे घर तुमचंच" म्हणतात, तसंच हे. कोर्तेसने राजाला कळवलं की मोक्तेसुमाने राज्य आमच्या हवाली केलं. मधे काय झालं? ते आदराचं बोलणं तिने मायात किंवा स्पॅनिशमध्ये कसं सांगितलं असेल? ज्या भाषेत तसली नम्रता नाही तिथे ती नेताना दुभाषाचा जीव किती कासावीस होतो, हे मी रोज अनुभवते. पण माझा कल सांगायचा तर शब्द तिच्याकडे बिघडले नाहीत. ऐकणाऱ्याला राज्य हवं होतं, म्हणून त्याला राज्य ऐकू आलं.

दुपारी सान इल्देफोन्सोच्या जुन्या कॉलेजात ओरोस्कोचं १९२६ चं भित्तिचित्र पाहिलं. जिन्याच्या छतावर कोर्तेस आणि ती, दोघं उघडे, हातात हात. त्याच्या पायाखाली एक मेलेला देशी माणूस. कोर्तेसचा दुसरा हात तिच्यासमोर आडवा, थोपवणारा. चित्र जबरदस्त आहे. पण त्यात तिचं तोंड मिटलेलं आहे, आणि तिच्या चित्रात मला तेच चुकीचं वाटतं.

शुक्रवार : त्लातेलोल्को

इथे मेशिका लोक शेवटपर्यंत लढले. १३ ऑगस्ट १५२१ ला त्यांचा शेवटचा राजा कुआउतेमोक पकडला गेला. पिरॅमिडचे पाये, स्पॅनिश काळातलं चर्च आणि विसाव्या शतकातल्या इमारती एकाच चौकात. १९६८ च्या २ ऑक्टोबरला इथेच विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. दगडावर कोरलंय की हा ना विजय होता ना पराजय, आजच्या मेक्सिकोच्या मिश्र लोकांचा तो वेदनामय जन्म होता. लोक तो वाचून पुढे जातात.

साआगूनच्या त्या ग्रंथाच्या शेवटी शरणागतीनंतरचं दृश्य आहे. गच्चीवर रंगीत छत, कोर्तेस बसलेला, बाजूला मालिंत्झिन. समोर हरलेले राजे. सोनं कुठे आहे, असा सवाल. मेशिका जेवढं होतं तेवढं आणून ठेवतात. कमी पडतं. तेव्हा ती म्हणते, "कप्तान म्हणतो, एवढ्या मापाचे दोनशे सोन्याचे तुकडे आणा." आणि हातांनी वर्तुळ करून दाखवते.

अडीच महिने शहराला वेढा, देवीची साथ, उपासमार, प्रेतं, आणि ती हातांनी वर्तुळ करते आहे. मला हे वाचवत नाही आणि सोडवतही नाही. आमच्या कामाचा पहिला नियम, बोलणारा "माझं दुखतंय" म्हणाला तर दुभाषाने "माझं दुखतंय" असंच म्हणायचं, "त्याचं दुखतंय" नाही. दुभाषी खोलीत नसल्यासारखी असावी. तिने मात्र त्या गच्चीवर "कप्तान म्हणतो" असं म्हटलं आणि मागणी त्याची त्याच्याकडे ठेवली. देशी लोकांनी हा फरक मानला नाही, असं दिसतं. ते कोर्तेसलाच मालिन्चे म्हणायचे, इतका त्याचा आवाज तिचा झाला होता.

शनिवार : कोयोआकान

शेवटचा दिवस. वेढ्यानंतर शहर पुन्हा उभं राहीपर्यंत कोर्तेस इथे राहिला. १५२२ च्या सुमारास तिला त्याच्यापासून मार्तीन झाला. कोंचिता चौकातलं लाल घर तिचं म्हणून दाखवतात, पण ती इमारत नंतरच्या काळातली आहे. दरवाजा बंद होता. चौकात जांभळी फुलं पडली होती, लहानसं चर्च, बाकावर म्हातारे.

मार्तीनला कोर्तेस १५२८ मध्ये स्पेनला घेऊन गेला. पुढच्या वर्षी पोपने त्याला औरस ठरवलं. आईला त्याने पुन्हा पाहिलं नसावं, ती १५२९ च्या आतच गेली. त्याआधी १५२४ मध्ये ओरिसाबाजवळ कोर्तेसने तिचं लग्न हुआन हारामियो या आपल्या सरदाराशी लावून दिलं होतं, होंडुरासच्या वाटेवर. त्याच मोहिमेत फेब्रुवारी १५२५ ला कुआउतेमोकला फाशी दिली, आणि मोहिमेची दुभाषी तीच होती. परतताना तिला मुलगी झाली, मारिया.

आम्ही चौकात बसलो, वहिनींनी त्यांच्या डब्यातले शेवटचे चार शंकरपाळे काढले. "गद्दार म्हणायला पुरुष बरे सापडतात," त्या म्हणाल्या. "त्लाश्कालाची फौज हजारोंनी होती. त्यांना कोण म्हणतं?" मेक्सिकोत आजही परक्यांच्या पुढे लोटांगण घालणाऱ्याला मालिन्चिस्ता म्हणतात. ते कपाळी आलं तिच्या, त्या फौजेच्या नाही.

हारामियोने पुढे बेआत्रिस दे आंद्रादाशी दुसरं लग्न केलं आणि शिलोतेपेकच्या जहागिरीतला मोठा वाटा तिच्या नावे करायचं ठरवलं. मारिया कोर्टात गेली. आपल्या आईने काय केलं होतं हे सिद्ध करायला तिने जुन्या शिपायांच्या साक्षी काढल्या. दोन भाषा, तीन भाषा, किनारा, त्लाश्काला, चोलुला, ती नसती तर आम्ही जिंकलो नसतो, अशा साक्षी. हे सगळं कागदावर आलं ते जमिनीच्या भांडणामुळे. शेवटी जहागीर दोघींत विभागली गेली. मारियाला अर्धी मिळाली.